गाडीतले अग्निशामक आणि हाताचे अंतर

बीडमध्ये कुणी जुनी गाडी घेतली की पहिल्या आठवड्यातच तो ॲक्सेसरीजच्या दुकानात जातो. सीट कव्हर, मॅट, मोठ्या आवाजाचा हॉर्न, पांढऱ्या उजेडाचे एलईडी, मागे स्पीकर असा पाच-दहा हजारांचा खर्च तो बिनतक्रार करतो. अग्निशामकाचा विषय निघाला तर दोनपैकी एक उत्तर ऐकू येते. एक म्हणजे, ‘आपली गाडी कशाला पेटते?’ आणि दुसरे, ‘असू द्या एखादा, स्वस्तातला.’ यातले दुसरे उत्तर शहाणपणाचे वाटते आणि म्हणूनच ते जास्त घातक आहे. तो स्वस्तातला लाल सिलिंडर डिकीत स्टेपनीशेजारी जाऊन पडतो, त्याच्यावर पिशव्या येतात, लग्नाचे सामान येते, खताची गोणी येते. मालकाच्या मनातून मात्र आगीचा प्रश्न कायमचा सुटलेला असतो.

माझे म्हणणे असे की अग्निशामक ही विकत घेऊन ठेवायची वस्तू आहे, हा समजच उथळ आहे. अग्निशामक म्हणजे आग लागल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात करायचे एक काम, आणि सिलिंडर हे त्या कामाचे फक्त अवजार. म्हणून कमी पैशात ते बसवायचे असेल तर हिशेब दुकानातल्या किमतीपासून सुरू करून चालत नाही. तो चालकाचा हात आणि सिलिंडरची मूठ यांच्यातल्या अंतरापासून सुरू करावा लागतो. हजार रुपयांचा सिलिंडर हाताशी असेल तर तो पुरतो. पाच हजारांचा डिकीत असेल तर तो नसल्यासारखाच आहे. बीडसारख्या जिल्ह्यात या मांडणीला आणखी वजन येते, कारण इथल्या रस्त्यांवर त्या पहिल्या मिनिटात गाडीतल्या माणसांखेरीज दुसरे कुणीही नसते.

१. बंब कुठून येणार?

बॉनेटखालची आग सुरुवातीला लहान असते. एखाद्या वायरीचे आवरण वितळते, ठिणगी पडते, जवळची रबरी नळी किंवा ऑइलने माखलेली धूळ धुमसू लागते. या अवस्थेत एक माणूस एका किलोच्या सिलिंडरने ती विझवू शकतो. पण तिथे प्लास्टिक, रबर, ऑइल आणि इंधन हातभर अंतरात दाटीने बसवलेले असते. काही मिनिटांत आग डॅशबोर्डमागून केबिनमध्ये शिरते, आणि सीटमधला फोम पेटला की निघणारा धूर ज्वाळेपेक्षा आधी माणसाला पाडतो. मग त्या गाडीपासून लांब जाणे एवढेच काम उरते.

आता जिल्ह्याकडे पाहू. अकरा तालुक्यांच्या बीडमध्ये अग्निशमनाची व्यवस्था मुख्यतः नगरपरिषदांकडे आहे, आणि नगरपरिषदांची शहरे बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई आणि धारूर. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, केज, वडवणी या भागांतले रस्ते बालाघाटच्या डोंगररांगेतून, वस्तीविरळ मुलखातून जातात. समजा, गाडी जवळच्या बंबापासून 20 किलोमीटरवर पेटली. फोन लगेच लागला, बंब पाण्याने भरून तयार होता, चालक जागेवर होता आणि ताशी 50 किलोमीटरची सरासरी पडली, तरी 24 मिनिटे लागणारच. मांजरसुंब्याचा घाट किंवा धारूरचा अरुंद घाट मध्ये असेल आणि उसाचे दोन ट्रॅक्टर पुढे असतील तर त्याहून जास्त. यात कुणाचा दोष नाही, हा साधा अंतराचा हिशेब आहे. बंब पोचतो तो सांगाडा गार करायला आणि शेजारचे रान वाचवायला. 101 किंवा 112 वर फोन करायचाच, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 वरही करायचा. मात्र तो फोन पहिल्या मिनिटाला पर्याय ठरत नाही.

याच जिल्ह्यातून निघालेल्या रेल्वेची एक घटना या संदर्भात आठवावी. 16 ऑक्टोबर 2023 रोजी न्यू आष्टीहून अहमदनगरकडे (आताचे अहिल्यानगर) निघालेल्या डेमू रेल्वेला आग लागली आणि तिचे पाच डबे त्यात सापडले. एकही जीव गेला नाही, कारण माणसे वेळेवर खाली उतरली. उलट बाजूचे उदाहरण सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. 1 जुलै 2023 च्या पहाटे समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली. 25 जण गेले. बस दाराच्याच बाजूवर पडली होती, आणि वाचले ते मुख्यतः काच फोडून बाहेर पडलेले. दोन्ही घटना शेजारी ठेवल्या की एक क्रम दिसतो : आधी माणसे बाहेर, मग आग. अग्निशामकाचे खरे काम या क्रमात बसते. गाडी वाचवणे हा त्याचा दुय्यम लाभ. मागच्या सीटवरच्या म्हातारीला, पट्ट्यात अडकलेल्या लेकराला बाहेर काढायला लागणारी मिनिटभराची सवड मिळवून देणे, हे त्याचे पहिले काम.

२. पहिला रुपया सिलिंडरवर खर्च करू नका

बजेट तोकडे असेल तर पहिला खर्च आग लागण्याच्या कारणावर करावा, कारण तो बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त असतो. बीडच्या रस्त्यांवरच्या कितीतरी गाड्या पुण्या-मुंबईहून दुसऱ्या-तिसऱ्या हाताने आलेल्या असतात. एमएच 12 किंवा 14 ची पाटी असलेली गाडी इथे एमएच 23 किंवा अंबाजोगाईच्या 44 मध्ये वर्ग होते, तेव्हा तिच्यासोबत आधीच्या मालकांची वायरिंगही येते. कुणी टेप लावला, कुणी काढला, कुणी फॉग लॅम्प जोडले. प्रत्येकाने मूळ वायर सोलली, पीळ मारला आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्या पट्टीचा गोंद सुटतो, खडखडाटाच्या रस्त्यावर पीळ सैल होतो, आणि सैल सांधा तापतो.

हेडलाइटचे उदाहरण घेऊ. गाडीची वीज 12 व्होल्टची. कंपनीचा 55 वॅटचा बल्ब साधारण साडेचार अँपियर प्रवाह ओढतो. त्याच वायरीवर 100 वॅटचा बल्ब लावला की प्रवाह आठ अँपियरच्या वर जातो. वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती दुप्पट न होता तिपटीहून जास्त होते. रिले आणि जाड वायर न टाकता ‘नुसता बल्ब बदलला’ असे म्हणणाऱ्याने खरे तर वायरीला तिप्पट तापवण्याची सोय केलेली असते. त्यातून 10 अँपियरचा फ्यूज उडू लागला की 20 चा टाकला जातो, किंवा फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा. फ्यूज उडणे हा बिघाड नाही, ती गाडीने दिलेली सूचना आहे. ती बंद करणारी तार दोन रुपयांची असते आणि तिच्याइतकी महाग गोष्ट गाडीत दुसरी नसते.

बाकीची कारणे अशी. शेतात किंवा गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर शिरतात आणि वायरीचे आवरण कुरतडतात. सकाळी बॉनेट उघडून पाहणे हाच त्यावरचा उपाय, आणि तो फुकट आहे. इंजिन पुसून तिथेच विसरलेले फडके, पेट्रोलच्या नळीचा सैल क्लिप, सायलेन्सरवर टपकणारे ऑइल, वाळल्या गवतात उभी केलेली तापलेली गाडी. डॅशबोर्डवर उन्हात ठेवलेला लायटर आणि परफ्यूमचा स्प्रे. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते. ती टाळणाऱ्याने आणि घरगुती गॅसच्या टाकीतून मोटारीत गॅस भरून घेणाऱ्याने अग्निशामकाची चर्चाच करू नये, कारण त्याने धोका स्वतः भरून घेतलेला आहे. हे शब्द कडक वाटतील, पण त्या गाडीत पुष्कळदा शाळेची पोरे बसलेली असतात.

एखाद्या जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून अर्धा दिवस बसून वायरिंग तपासून घ्यावी. मोकळे सांधे सोल्डर करावेत, प्रत्येक जादा जोडणीला स्वतंत्र फ्यूज द्यावा, नको असलेल्या जुन्या वायरी कापून काढाव्यात. या कामाची मजुरी सिलिंडरच्या किमतीच्या आसपासच असते. दोन्हींपैकी एकालाच पैसे पुरत असतील तर मी आधी हे काम करायला सांगेन.

३. कोणता घ्यायचा

इथे फार घोळ घालण्याचे कारण नाही. लाकूड-कापड-फोम, द्रव इंधन आणि वायू या तिन्ही प्रकारच्या आगींवर चालणारी एबीसी पावडर मोटारीसाठी योग्य. तिच्यातला मुख्य घटक मोनो-अमोनियम फॉस्फेट. ज्वाळेतली रासायनिक साखळी तोडून ती आग मारते आणि विजेच्या आगीवरही वापरता येते. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर पावडर सांडत नाही, म्हणून काहींना भुरळ घालतो. पण तो जड आणि महाग असतो, आणि उघड्यावर वाऱ्यात त्याचा वायू लगेच पांगतो. माळावरच्या रस्त्याला तो उपयोगाचा नाही. अर्ध्या किलोचे स्प्रेसारखे डबे चार-पाचशेत मिळतात. ते काहीच नसण्यापेक्षा बरे, पण पुष्कळांवर दाबमापक नसतो आणि आतला दाब शिल्लक आहे की उडून गेला हे वेळ येईपर्यंत कळत नाही.

माझी शिफारस साधी आहे. पाच माणसांच्या मोटारीला आयएसआय चिन्हाचा, दाबमापक असलेला, एबीसी पावडरचा एक किलोचा सिलिंडर. क्रूझर, काळी-पिवळी, पिकअप यांना दोन किलोचा. एक किलोचा साधारण हजाराच्या मागेपुढे मिळतो. घेताना तीन गोष्टी दुकानातच पाहाव्यात : मापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिनेचे सील शाबूत आहे का, आणि भरल्याची व पुढच्या तपासणीची तारीख लिहिली आहे का. तारीख नसलेला सिलिंडर निम्म्या किमतीत मिळाला तरी घेऊ नये. स्वस्त आणि निकामी यांतला फरक बहुतेकदा त्या छोट्या कागदी पट्टीवरच लिहिलेला असतो.

४. बसवणे : सगळा विचार इथेच

पैसे आणि बुद्धी दोन्ही खर्च करायची जागा ही आहे, आणि नेमकी हीच सगळे सोडून देतात.

जागेची कसोटी एका वाक्यात सांगता येते : चालकाच्या सीटवर बसून, पट्टा लावलेला असताना किंवा दार उघडून एक पाय बाहेर टाकताना, न पाहता हात घातला की मूठ हाताला लागली पाहिजे. डिकी या कसोटीत बसत नाही. आग लागलेल्या गाडीची डिकी उघडायला वळसा घालावा लागतो, सामान काढावे लागते. शिवाय मागून धडक बसली असेल तर डिकी उघडतच नाही. ग्लोव्ह बॉक्समध्ये एक किलोचा सिलिंडर मावत नाही, आणि बॉनेटमधून येणारी आग तिथूनच आत शिरते. मागच्या काचेखालची फळी तर सर्वांत वाईट, कारण तिथे ऊनही थेट येते.

ऊन हा इथे किरकोळ मुद्दा नाही. अग्निशामक साधारण 55 ते 60 अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असते. एप्रिल-मेमध्ये बीडचा पारा चाळिशीपार जातो आणि काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या मोटारीचे केबिन बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी सहज तापते. डॅशबोर्डचा पृष्ठभाग त्याहून गरम. म्हणजे काचेजवळ ठेवलेला सिलिंडर रोज दुपारी आपली मर्यादा ओलांडतो. सीटखालची किंवा सीटपुढची सावली ही म्हणून सोयीची जागा नसून आवश्यक जागा आहे.

चालकाच्या सीटखाली मात्र तो मोकळा कधीही ठेवू नये. ब्रेक दाबल्यावर घरंगळत पेडलखाली गेलेला सिलिंडर आगीपेक्षा आधी अपघात घडवेल. धडकेत मोकळी वस्तू आपल्या वजनाच्या कितीतरी पट जोराने पुढे फेकली जाते, आणि एक किलो पावडरचा लोखंडी सिलिंडर भरल्या अवस्थेत दोन किलोंच्या आसपास भरतो. तो कुणाच्या डोक्याला लागला तर काय होईल हे सांगायची गरज नाही. बहुतेक सिलिंडरांसोबत मिळणारे पातळ पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे हूक भिंतीसाठी असतात, हलत्या गाडीसाठी नव्हे.

म्हणून ब्रॅकेट. बाजारात लोखंडी पट्टा आणि झटक्यात उघडणारी कडी असलेले वाहनांचे ब्रॅकेट मिळतात. ते महाग वाटले तर गावातला वेल्डिंगवाला तीन मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीतून दोन-तीनशे रुपयांत तसलेच करून देतो. आतून रबर लावून घ्यावे, म्हणजे सिलिंडरचा रंग घासून गंज चढत नाही. सोपी आणि भक्कम जागा म्हणजे शेजारच्या सीटच्या पुढच्या कडेखाली, सीटची पटरी जिथे जमिनीला बोल्टने आवळलेली असते तिथे. तोच बोल्ट काढून त्याखाली पट्टी घालायची आणि पहिल्याइतकाच घट्ट आवळायचा. गाडीच्या तळाला नवीन छिद्र पाडायची वेळ शक्यतो आणू नये. तळाखालून इंधनाची आणि ब्रेकची नळी जाते, आणि अलीकडच्या गाड्यांत सीटखाली पिवळ्या जोडणीच्या वायरी असतात, त्या एअरबॅगच्या. त्यांना हात लावायचा नाही. ड्रिल चालवावेच लागले तर खाली वाकून, टॉर्च डोक्यावर बांधून, आधी दोन्ही बाजू पाहून मग.

मूठ चालकाकडे, नळी किंवा तोंड विरुद्ध बाजूला, मापकाची तबकडी वर दिसेल अशी. पिनेला दोरा बांधून ठेवू नये. पोरे ओढतील या भीतीने काही जण तसे करतात, पण ऐनवेळी तीच गाठ सोडत बसावे लागते.

सिलिंडरच्या शेजारी एक टोकदार हातोडी आणि पट्टा कापायची सुरी असलेले छोटे अवजार ठेवावे. दीड-दोनशेचे असते. गाडीच्या पुढच्या काचेवर ते वाया घालवू नका, ती दोन थरांत चिकटवलेली असते आणि तडकली तरी निघत नाही. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारले की ती चुऱ्यात कोसळते. सेंट्रल लॉकची वायर जळाली तर बाहेर पडायची वाट तीच.

हा सगळा खर्च जोडला तर दीड हजाराच्या आसपास जातो.

५. आठ-दहा सेकंद

एक किलोचा सिलिंडर साधारण आठ ते दहा सेकंदांत रिकामा होतो आणि त्याचा मारा दोन-तीन मीटरच्या आतच परिणामकारक असतो. सिनेमात दिसतो तसा तो मिनिटभर फवारत नाही. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे लोक लांबून, घाबरून, ज्वाळेच्या शेंड्यावर मारतात आणि पावडर आकाशात जाते.

क्रम असा. धूर किंवा जळका वास आला की गाडी कडेला घ्यायची, इंजिन आणि किल्ली बंद करायची. सगळ्यांना उतरवून वाऱ्याच्या उलट्या बाजूला, वीस-तीस मीटर लांब पाठवायचे. मग सिलिंडर. बॉनेटची आतली कळ ओढून ते फटीपुरतेच सोडायचे. पूर्ण उचलले की आत हवा जाते आणि दबलेली आग भडकते, तोंडावर येते. पिन ओढायची, वारा पाठीवर घ्यायचा, फटीतून किंवा चाकाच्या कमानीतून ज्वाळेच्या मुळाशी मारायचे आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवत न्यायचे. शमली तरी लगेच पाठ फिरवायची नाही. पावडर ज्वाळा मारते, धातू गार करत नाही, त्यामुळे तापलेल्या सायलेन्सरवर इंधन टपकत असेल तर आग पुन्हा उठते. पहिल्या सिलिंडरात ती मेली नाही तर काम संपले, मागे व्हायचे. धूर केबिनमध्ये आला असेल तर आत शिरून फवारण्याचा विचारही करू नये.

कापूस किंवा कडबा भरलेल्या गाडीचा विचार वेगळा करावा लागतो, आणि गेवराई-माजलगावच्या पट्ट्यात तो करावाच लागतो. वरून जाणाऱ्या विजेच्या तारेला कडब्याचा भार घासून लागणारी आग मराठवाड्याला नवी नाही. अशा भाराच्या आत आग धुमसत राहते आणि तिला पाणीच लागते, पावडर वरची ज्वाळा तेवढी झाकते. तिथे सिलिंडरचा उपयोग एकच : केबिन पेटू न देता चालक-क्लीनर उतरेपर्यंत वेळ मिळवणे. म्हणून पिकअपमध्ये तो केबिनमध्येच हवा, मागच्या हौद्यात नव्हे.

६. आक्षेपांना उत्तर

पहिला आक्षेप सगळ्यात वजनदार आहे : मोठ्या अपघातात एवढासा सिलिंडर काय करणार? खरे आहे. 8 ऑक्टोबर 2022 ला नाशिकच्या नांदूर नाक्यावर बस आणि ट्रकची धडक होऊन बस पेटली आणि 12 जण गेले. तसल्या आगीपुढे एक किलो पावडर काहीच नाही. इंधनाची टाकी फुटली असेल तर सिलिंडर बाहेर काढण्यातही वेळ घालवू नये. पण या आक्षेपाखाली एक गृहीतक दडलेले आहे, की गाडीची आग म्हणजे नेहमी मोठ्या धडकेची आग. प्रत्यक्षात पुष्कळ आगी धडकेविना, चालत्या किंवा उभ्या गाडीत, वायरिंग किंवा गळतीतून सुरू होतात आणि पहिली काही सेकंदे त्या लहानच असतात. तेवढ्या सेकंदांसाठीच हे साधन आहे. ताप आल्यावर गोळी घेतो तेव्हा ती हाडमोडीवर चालत नाही म्हणून आपण ती फेकून देत नाही.

दुसरा आक्षेप विम्याचा. विमा आहे, जळाली तर जळाली. बीडच्या कितीतरी जुन्या गाड्यांना फक्त थर्ड पार्टी विमा असतो आणि त्यात स्वतःच्या गाडीच्या आगीची भरपाई येत नाही. पूर्ण विमा असला तरी बाहेरून बसवलेला, आरसीवर न चढवलेला गॅस किट किंवा छेडछाड केलेली वायरिंग निघाली की वाद उभा राहतो. आणि विमा गाडीचा असतो. मागच्या सीटवर बसलेल्यांना त्यातून कुणी बाहेर काढत नाही.

तिसरा : कायद्यात नाही. खासगी मोटारीला सरसकट सक्ती नाही हे बरोबर. बससारख्या प्रवासी वाहनांना आहे, महाराष्ट्राच्या 2011 च्या स्कूल बस नियमांत आहे. पण कायदा किमान पातळी आखतो, आणि ती आखताना त्याच्या डोळ्यांसमोर किती प्रवासी आहेत हे असते, बंब किती लांब आहे हे नसते. पुण्याच्या सिग्नलवर उभ्या मोटारीला आणि पाटोद्याच्या माळावरच्या मोटारीला नियम एकच. पहिल्या मोटारीसाठी आजूबाजूला पेट्रोल पंप आहेत, दुकाने आहेत, त्यांच्या भिंतींवर टांगलेले सिलिंडर आहेत. दुसरीला मदत हवी तर तिच्याच आत असावी लागते. म्हणजे सक्ती दोघींनाही नसली तरी दुसरीची गरज जास्त आहे, आणि नियमाकडे बोट दाखवून ही गरज कमी होत नाही.

चौथा आक्षेप मला सगळ्यात जास्त गंभीरपणे घ्यावासा वाटतो : हा दुष्काळी, ऊसतोडीला जाणारा जिल्हा आहे, इथे हप्ते फिटत नाहीत तिथे दीड हजार कुठून आणायचे? ज्याच्यासाठी दीड हजार म्हणजे आठवड्याची मजुरी आहे त्याला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. पण क्रम सांगता येतो. वायरी पाहणे, फ्यूज मूळ अँपियरचा ठेवणे, फडके आणि लायटर काढणे, उतरायचा क्रम घरच्यांना सांगून ठेवणे, हे बिनपैशाचे आहे आणि निम्मे काम त्यातच होते. सिलिंडर पुढच्या महिन्यात आला तरी चालेल. गाडी भाड्याने चालवणाऱ्याला मात्र ही सवलत मी देणार नाही. दिवसाला दहा-बारा माणसे बसवून जो कमाई करतो, त्याला त्या माणसांसाठी दीड हजार एकदा खर्च करणे परवडत नाही असे म्हणता येत नाही.

विजेच्या गाड्यांबद्दल थोडक्यात : लिथियम बॅटरीच्या आत सुरू झालेली आग पावडरने थांबत नाही, तिला प्रचंड पाणी लागते. तिथे सिलिंडर वायरिंगच्या किंवा केबिनच्या लहान आगीपुरता. बॅटरीतून सूं-सूं आवाज किंवा पांढरा धूर आला की फक्त लांब जायचे.

७. पासिंगपुरते

उथळ समजाचे सर्वांत वाईट रूप प्रवासी गाड्यांत दिसते. जिथे सक्ती आहे तिथे सिलिंडर फिटनेसच्या दिवशी दिसतो. शेजारच्याकडून आणलेला, कधी रिकामा, कधी तारीख उलटलेला. पासिंग झाले की परत जातो. इथे सिलिंडर कागदासारखा वागवला जातो, आणि तपासणारा व तपासून घेणारा दोघेही त्याला कागदच समजतात. हे बदलायचे असेल तर तपासणीत एक साधी भर पुरे : चालकाने सीटवर बसून, डोळे मिटून, सिलिंडर काढून दाखवायचा. किती सेकंदांत हाती आला एवढेच पाहायचे. यासाठी यंत्र लागत नाही, निधी लागत नाही. उसने आणलेल्या सिलिंडराला ब्रॅकेट नसते, त्यामुळे तो या परीक्षेत लगेच उघडा पडतो. काळी-पिवळी आणि क्रूझरच्या चालक-मालक संघटनांनी ही परीक्षा आपल्या थांब्यावर आपणच घ्यावी. आरटीओची वाट पाहण्याचे कारण नाही.

देखभालीचा भाग छोटा पण नियमित आहे. महिन्यातून एकदा मापकाचा काटा पाहायचा. खडबडीत रस्त्यावर पावडर तळाशी दबून घट्ट होते, म्हणून सिलिंडर काढून उलटा-सुलटा हलवून मोकळी करायची. एकदा थोडासा जरी वापरला तरी पुन्हा भरून घ्यायचाच, कारण झडपेत अडकलेल्या कणांतून उरलेला दाब काही दिवसांत निघून जातो. वापरानंतर इंजिनवरची पावडर नीट धुऊन-पुसून काढल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. ती ओलाव्यात धातू खाते.

आणि भरून घेण्याची तारीख आली की सिलिंडर तसाच दुकानात नेऊ नका. नाहीतरी दुकानदार जुनी पावडर काढूनच टाकणार. त्याआधी मोकळ्या शेतात, गवत नसलेल्या जागी, पत्र्याच्या डब्यात थोडे लाकूड-चिंध्या पेटवा, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या ठेवा, आणि तो सिलिंडर घरातल्या त्या माणसाच्या हाती द्या ज्याने तो कधी धरलेला नाही. बायको, मुलगी, क्लीनर, म्हातारे वडील, जे कुणी त्या गाडीत पुढच्या सीटवर बसतात. पिन किती जोराने ओढावी लागते, मूठ दाबल्यावर हाताला कसा झटका बसतो, आठ सेकंद किती लवकर संपतात, हे वाचून कळत नाही. रिफिलचे पैसे तर द्यायचेच आहेत. त्यात हे शिक्षण वेगळ्या खर्चाविना होते.